भुताची जात

नारायण धारपांच्या गोष्टी मी चाळीच्या जिन्यातल्या दिव्याखाली वाचल्या. मतकरींचा 'खेकडा'पण. मजा आली, भ्या नाही वाटलं. पडका वाडा, कुलूपबंद माजघर आमच्यात होतं कुणाकडं? आमची वस्तीच मसणवटीच्या अंगाला.

गावात मयत झालं की परगावी सांगावा न्यायचा, हे महारकीचं काम. माझा आजा रात्री-बेरात्री एकटा निघायचा. वाटेत पिंपळ, पिंपळावर मुंजा. मुंजा म्हंजे सोडमुंजीआधी मेलेला बामणाचा पोर. मेल्यावरबी जात सुटली नाही! आजा म्हणायचा, "मुंज्याचं काय नाय रं. परक्या गावात शिरलो का पोटात गोळा यायचा. हाक मारायच्या आधीच चोर म्हणून काठी पडायची."

मला रात्रभर जागवलं ते बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'नं. १९६३ सालचं पुस्तक. त्या कथेत भूत नाही. परमुलखात नोकरीला गेलेला माणूस जात लपवून राहतो, एवढंच. लोक त्याला मान देतात, आणि वाचताना आपला घसा सुकत जातो.

पुढं मीही शहरात खोली बघत हिंडलो. मालक हसतमुख होता. किल्ली हातात खेळवत म्हणाला, "खोली तुमचीच समजा. आडनाव काय म्हणालात?"