बेअरिंगच्या पाठीमागचा कागद

सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागदाची, तेलाने काळवंडलेली एक पट्टी मी एका गॅरेजच्या पावतीसह आजवर जपून ठेवली आहे, आणि ती दृष्टीस पडली की अंगाचा आजही तिळपापड होतो.

माझी पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. चढावर तिच्या इंजिनातून खोल, जड ठोका येऊ लागला, तेव्हा आठ महिन्यांपूर्वीच ‘क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंग’ अशी पावती घेतलेली असल्यामुळे, यापुढे परक्या हातावर विसंबायचे नाही असा निश्चय करून मी अंगणात तिकाटणे उभारले. साखळी-कप्पीने इंजिन उचलणे, हेड, चेंबर, टायमिंग चेन, फ्लायव्हील उतरवणे हे भाच्याच्या साहाय्याने दोन रविवारांत उरकले. मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप सोडवण्यापूर्वी मात्र प्रत्येकीवर पंचाने क्रमांक आणि दिशा यांची खूण करावी, हे आवर्जून सांगतो. कारण त्या ब्लॉकवर बसवूनच त्यांची भोके एका रेषेत कोरलेली असतात, आणि त्यांची अदलाबदल झाली की क्रँक जाम होतो.

मधली कॅप लाकडी हातोडीच्या हलक्या टोल्याने सुटली. तिच्यातले अर्धे बेअरिंग अंगठ्याने सरकवले, तोच पाठीमागून तो कागद निघाला. बेअरिंगची पाठ कॅपच्या लोखंडाला सर्वांगाने भिडली पाहिजे, तरच त्याची उष्णता बाहेर जाते. आणि क्रँक घासून बारीक केला असेल, तर त्याच मापाचे जाड बेअरिंग लागते, ज्याच्या पाठीवर त्या मापाचा आकडा उमटवलेला असतो. रॉकेलने धुऊन, उन्हात धरून मी सहाही तुकडे न्याहाळले; आकडा कोठेच नव्हता. क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर चढलाच नव्हता. झिजलेल्या जागेची पोकळी कागदाने भरली होती, आणि पावतीखाली सही करून माझ्याकडून पूर्ण रक्कम वसूल केली होती. रक्कम गेल्याचे दुःख ओसरले, त्या सहीचे ओसरत नाही. कामगाराच्या हातून चूक होते, ती क्षम्य आहे. पण कॅप बसवताना हा कागद कोणीतरी मापाने कापला होता, त्याची घडी सारखी केली होती. म्हणून म्हणतो, गाडी दुरुस्तीला देणाऱ्याने जुने भाग परत मागून घ्यावेत आणि नव्या बेअरिंगची पाठ स्वतः वाचावी.

चारचौघांत त्या गॅरेजच्या मिस्त्रीची इभ्रत काढीन, असे ठरवून मी कागद खिशात घालून गेलो. मिस्त्रीने हात पुसून स्टूल पुढे केले, ‘बसा काका’ म्हणाला. आणि मला आठवले की ग्राइंडिंगला आठवडा लागेल असे तो त्या वेळी सांगत असता, चतुर्थीपूर्वी गाडी कोकणात पोहोचलीच पाहिजे, असा तगादा मीच लावला होता. कागद खिशातच राहिला. परंतु मुदत मी घातली होती. खोटी पावती मी लिहिली नव्हती.

पुढे भाच्याने आणि मी क्रँक सरळ वर उचलला, आणि तो वाकू नये म्हणून आडवा न टाकता, गोणपाटात गुंडाळून उभाच दुसऱ्या ग्राइंडरकडे नेला. तो म्हणाला, ‘ठेवून जा, उद्या या.’ मी गेलो नाही. चाक थांबेपर्यंत मशीनपाशी उभा राहिलो.