वडीलधाऱ्यांविना शब्द

शब्दाचा अर्थ माणसाला प्रथम कोठून कळतो, या प्रश्नाला मीमांसकांनी दिलेले उत्तर आजही ताजे वाटावे असे आहे. घरातील एक वडील माणूस दुसऱ्याला सांगतो, ‘गाय आण’. दुसरा उठतो आणि गाय घेऊन येतो. मूल हे पाहत असते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये त्याच्या कानी पडतात, आणि एक शब्द बदलला की कृतीचा कोणता अंश बदलतो हे न्याहाळता न्याहाळता ते एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढू लागते. यालाच वृद्धव्यवहार म्हटले आहे. प्रभाकराच्या अनुयायांनी या निरीक्षणाच्या आधारे अन्विताभिधानाचा सिद्धान्त मांडला: शब्द सुटा असा कधी भेटतच नाही, तो वाक्यात भेटतो आणि ते वाक्य कोणाच्या तरी कामात गुंतलेले असते. कुमारिलपंथीयांचा या मताला विरोध होता आणि तो उपेक्षणीय नव्हे. परंतु मुलाच्या भोवती वडीलधारी माणसे बोलत आहेत, एवढे दोन्ही पक्षांना गृहीतच होते. जेथे अशी माणसेच नाहीत तेथे शब्द कसा शिकला जातो?

१९९३च्या उन्हाळ्यात मनमाडच्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये बसून एक तरुण नेमके हेच करीत होता. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो घरी परतला होता आणि अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेची तयारी करीत होता. गणिताची त्याला धास्ती नव्हती. धास्ती होती ती बॅरन्सच्या मार्गदर्शिकेतील सुमारे ३५०० इंग्रजी शब्दांच्या यादीची. मूळ पुस्तक परवडण्यासारखे नव्हते. वसतिगृहात हातोहात फिरून फिकट झालेली तिची झेरॉक्स प्रत त्याच्यापाशी होती. रोज सत्तर शब्द, या हिशेबाने पन्नास दिवस. वीज गेली की तो स्टेशनवर जाई, कारण जंक्शनच्या फलाटावरचे दिवे सहसा जात नसत. आणि पंचवटी एक्स्प्रेससाठी पहाटे जमणारे नोकरदार यायला लागले की उठून घरी येई.

इंग्रजी शब्द मनमाडला नवे होते, असे मात्र नव्हे. त्या गावाचे निम्मे बोलणेच रेल्वेच्या इंग्रजीवर पोसलेले आहे. गँगमन, शंटिंग, लोको, पॉइंट्समन, ड्यूटी, मेमो, फिशप्लेट. आणि गाडी येण्याची वेळ झाली की ‘सिंगल पडला’. हे शब्द कोणी यादीतून घेतले नाहीत. मुकादमाने हाक दिली, शेजारच्याने हात हलवला, डबा मागे सरकला; पाहणाऱ्याला ‘शंट’चा अर्थ कळला. मीमांसकांच्या गायीची जागा येथे मालडब्याने घेतली, एवढाच फरक. आपल्या समीक्षकांनी इंग्रजीच्या आक्रमणाविषयी बरेच लिहिले आहे. त्यात या शब्दांची नोंद क्वचितच सापडते. ते परकीय म्हणून आले खरे, पण कामकऱ्यांच्या तोंडून आले आणि येताना आपला उच्चारही बदलून आले. अशा शब्दांना परके म्हणणे अवघडच आहे.

यादीतील शब्दांना असा कोणी बोलणारा नव्हता. त्या तरुणाने ते कोणाच्याही तोंडून ऐकले नव्हते. त्यांचे उच्चार तो अंदाजाने करी, आणि त्यांतले कित्येक चुकीचे होते हे त्याला पुढे परदेशात, भर वर्गात कळले. अपवाद होता तो वडिलांचा. ते रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. पहिल्याच पानावर ‘अबेयन्स’ हा शब्द आला तेव्हा ते सहज म्हणाले, “हा तर रोजचाच. माझी भुसावळची बदली दोन वर्षं अबेयन्समध्येच होती.” ‘डेरिलिक्शन’ हा शब्दही त्यांना ठाऊक होता, कारण कर्तव्यात कसूर केल्याचे आरोपपत्र त्यांनी इतरांसाठी अनेकदा टंकलिखित केले होते. हे दोन शब्द मुलाला पुन्हा पाठ करावे लागले नाहीत. त्यांच्यामागे थांबलेली बदली होती, घाबरलेला एखादा पॉइंट्समन होता. उरलेल्या शब्दांमागे फक्त पुढचा शब्द होता.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. दहावीला त्याने पूर्ण संस्कृत घेतले होते, गुण चांगले पडतात म्हणून. धातू एक आणि उपसर्गानुसार अर्थ निराळे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सारे एका ‘हृ’चे विस्तार, हे त्याला ठाऊक होते. लॅटिनची घडण त्याच जातीची आहे हे ध्यानात येताच यादी उलगडू लागली. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, आणि ते आपल्या ‘पश्यति’चे दूरचे भावंड, ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा. ‘इग्नोमिनी’ या शब्दात तर ‘नाम’च आहे: ज्याने नाव गेले ती गोष्ट. ‘घराण्याचं नाव घालवलंस’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलाला तो शब्द विसरणे शक्य नव्हते.

ही वाट त्याला मोकळी होती, हे येथे नोंदवले पाहिजे. त्याच्याच समाजातून निघून १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नव्हते; त्यांना पर्शियनवर समाधान मानावे लागले. तेव्हा जीआरई नव्हती. तिची सुरुवात १९३७च्या सुमारास ज्या चार विद्यापीठांतून झाली त्यांत कोलंबियाही होते. विद्यापीठाच्या दाराशी शब्दांची परीक्षा बसली ती अशी नंतर. शाळेच्या दाराशी शब्दांचा पहारा आधीपासूनच होता.

व्युत्पत्तीचा हा खेळ नेहमी निरुपद्रवी राहिला नाही. ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’वरून, म्हणजे खापरावरून आला. अथेन्सचे नागरिक डोईजड झालेल्या पुढाऱ्याचे नाव खापराच्या तुकड्यावर लिहून मत देत आणि त्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर घालवीत. त्याची मालमत्ता जप्त होत नसे. मुदत संपली की तो परत येई. शब्दकोशात याला मराठी पर्याय ‘वाळीत टाकणे’ असा होता. तरुणाला प्रथम आठवले ते ‘खापर फोडणे’, आणि मागोमाग आठवले पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात बांधायला लावलेले मडके, ज्याविषयी बाबासाहेबांनी १९३६च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक ग्रंथात लिहिले आहे. एक खापर दहा वर्षांचे, आणि दुसऱ्याला मुदतच नाही. पर्यायी शब्द देणारा कोशकार हा फरक कोठे लिहिणार?

त्या काळच्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचा एक विभाग असे. वर एक शब्द, खाली पाच पर्याय. ना वाक्य, ना प्रसंग. भाषेत केवळ भेद असतात, हे सोस्यूरचे म्हणणे इतक्या निष्ठुरपणे दुसऱ्या कोणी अमलात आणले नसेल. परीक्षार्थींनी त्यावर आपली युक्तीही शोधली होती. अर्थ नीट आठवत नसला तरी शब्द चांगला की वाईट एवढे आठवले तर बहुधा भागते. म्हणून यादीतील प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने अधिकचे किंवा उण्याचे चिन्ह करायचे. (२०११ साली परीक्षेतून हा विभाग आणि शब्दसाम्याचे प्रश्न दोन्ही काढून टाकण्यात आले. त्या दोन दशकांत पाठ केलेल्या शब्दांचे पुढे काय झाले, हा स्वतंत्र विषय आहे.)

अशीच उण्याची रेघ ‘परायअ’ या शब्दापुढे पडली होती. अर्थ दिला होता: समाजबहिष्कृत. शब्द इंग्रजी दिसत नव्हता, म्हणून नाशिकला काही कामासाठी गेला असता त्याने सार्वजनिक वाचनालयात मोठा कोश पाहिला. शब्द तमिळ निघाला. ‘परै’ म्हणजे चामड्याचा ढोल, आणि तो वाजवणारे ते परैयर. एका जिवंत जातीचे नाव इंग्रजीने उचलले, माणसे गाळली आणि उरलेला तिरस्कार सामान्यनाम म्हणून ठेवून घेतला.

त्याचे आजोबा तेव्हा पंचाहत्तरीचे होते. १९३८च्या फेब्रुवारीत जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली, तेव्हा ते नुकतेच गँगमन म्हणून लागले होते आणि मांडवात मागे उभे होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेब त्या परिषदेत म्हणाले, हे पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. आजोबांना त्याहून अधिक लक्षात राहिले होते ते पोर्टरविषयीचे बोलणे: अस्पृश्याला पोर्टरची जागाही सहसा मिळत नाही, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावीत अशी अपेक्षा असते आणि त्या घरात त्याचा हात चालत नाही. आजोबा गँगमन म्हणूनच निवृत्त झाले.

इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत नसत, पण नातवाच्या कागदांवरून नजर फिरवण्याची त्यांना सवय होती. त्या रात्री त्यांनी बोट ठेवून विचारले, “काही शब्दांपुढं ही आडवी रेघ कशापायी?”

“वाईट अर्थाचे शब्द आहेत ते, आजोबा. लवकर ओळखू यावेत म्हणून.”

“मग ह्याचा अर्थ काय?”

नातवाने सांगितला, ढोलाचे आणि तमिळ मुलुखाचेही सांगितले. आजोबा काही वेळ गप्प राहिले.

“म्हणजे हलगीवालेच की. आपलीच माणसं म्हणायची तिकडची.” आणि मग, “तर रेघ त्यांच्यापुढं मारलीस का तू?”

नातू उत्तर शोधत राहिला. आजोबा पाणी प्यायला आत गेले. रेघ त्याने खोडली नाही. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, आणि गुणांच्या दृष्टीने ती बरोबरच होती.