गोळीच्या नावापुढचे ‘डी’

मराठी की कोकणी हा वाद आमच्या पेडणे-डिचोलीकडे आजही चहाच्या टेबलावर निघतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीलाही सरकारी कामकाजात वाव दिला. त्यावर दोन्ही बाजूंनी अजून हिरिरीने बोलले जाते. मी मराठीचा एम.ए. आणि घरात कोकणी बोलणारा, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी मला आपल्या बाजूला ओढतात. पण आपल्या प्रत्येक घरात रोज सकाळी चहाच्या आधी वाचायला हवा असा एक मजकूर असतो, आणि तो या दोन्ही भाषांत नसतो. त्याबद्दल मात्र कुणी भांडत नाही. तो मजकूर म्हणजे गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक इंग्रजी छपाई.

मुंगीच्या पावलांएवढी ती अक्षरे वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही, कारण गोळीला आपण आपल्या भाषेत आधीच नाव देऊन टाकलेले असते. ही बीपीची, ती साखरेची, ती गॅसची. त्यातल्या पहिल्या दोन गोळ्यांना आपण थोडे तरी वचकून असतो. गॅसच्या गोळीला मात्र कुणी भीत नाही. चवथीचे पाच दिवस झाले, जत्रा झाली, लग्नसराई आली की ती घरोघर लागते. गोव्यात फार्मसीत मिळते, पत्रादेवीचा नाका ओलांडला की मेडिकलमध्ये मिळते. शेजारीण शेजारणीला देते. तिला औषध म्हणण्याइतकाही मान आपण देत नाही.

या ‘गॅसच्या’ गोळ्यांत दोन निरनिराळ्या जाती असतात. एक जात पोटातले आम्ल कमी करते. दुसरी जात जठर आणि आतडे यांची हालचाल वाढवते, म्हणजे अन्न पुढे ढकलते. अन्न पुढे सरकले की मळमळ थांबते, पोट हलके वाटते. आज मला सांगायचे आहे ते या दुसऱ्या जातीविषयी, कारण पोटाला ढकलणाऱ्या या औषधांपैकी काहींचा हात थेट हृदयापर्यंत पोहोचतो.

यातले सर्वांत गाजलेले औषध म्हणजे सिसाप्राइड. बेल्जियमच्या जान्सेन कंपनीचे हे औषध १९९३ साली अमेरिकेत रात्रीच्या छातीतल्या जळजळीसाठी मंजूर झाले आणि भराभर खपू लागले. लहान मुलांनाही ते दिले जाई. १९९९ च्या अखेरीपर्यंत अमेरिकी औषध प्रशासनाकडे हृदयाची लय बिघडल्याच्या ३४१ घटनांची नोंद झाली होती आणि त्यांत ८० मृत्यू होते. शेवटी २००० सालच्या जुलैत कंपनीने तिथली सर्वसाधारण विक्री थांबवली. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनडात व्हॅनेसा यंग नावाची पंधरा वर्षांची मुलगी हे औषध घेत असताना घरात कोसळली आणि गेली. तिचे वडील टेरेन्स यंग पुढे खासदार झाले. औषधांच्या सुरक्षिततेचा जो कायदा कॅनडाने २०१४ साली केला, तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो.

पोटाच्या गोळीने हृदय कसे बिघडते, हे समजायला अवघड नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेचा खेळ आहे. ठोका पडला की पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावे लागते, आणि त्यासाठी पोटॅशियमचे कण एका सूक्ष्म दारातून बाहेर पडावे लागतात. सिसाप्राइड नेमके ते दार अडवते. मग सज्ज व्हायला वेळ लागतो. ईसीजीच्या कागदावर ज्या लाटा उमटतात त्यांना डॉक्टरांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे दिली आहेत. त्यातले क्यूपासून टीपर्यंतचे अंतर लांबते. ते फार लांबले तर पुढचा ठोका चुकीच्या क्षणी पडतो, लय सुटते, हृदय नुसते थरथरू लागते आणि माणूस उभ्या जागी कोसळतो.

हे सगळ्यांना होत नाही, फार थोड्यांना होते. पण ते थोडे कोण, याचा अंदाज बांधता येतो. ज्यांचे हृदय आधीच अधू आहे, जे वयस्क आहेत, जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळीने ज्यांच्या अंगातले पोटॅशियम कमी झाले आहे, त्यांना धोका अधिक. शिवाय हे औषध यकृतात ज्या वाटेने निकालात निघते, ती वाट काही प्रतिजैविके आणि बुरशीवरची औषधे अडवतात. मग ते अंगात साचत जाते. ग्रेपफ्रूट नावाच्या फळाचा रसही यासोबत वर्ज्य होता. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झालेले हे फळ. साध्या फळाच्या रसाने औषधाचे विष व्हावे, यावरून शरीराचा हिशेब किती नाजूक असतो ते कळते.

आता आपल्याकडचे सांगतो. अमेरिकेतली विक्री २००० साली थांबली. भारत सरकारने सिसाप्राइडवर बंदी घातली ती १० फेब्रुवारी २०११ रोजी. पुढच्याच महिन्यात टेगासेरॉड या आतड्याच्याच आणखी एका औषधावर बंदी आली. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे त्याची विक्री अमेरिकेत २००७ साली थांबली होती. सिसाप्राइडच्या बाबतीत मधली जवळजवळ अकरा वर्षे गेली. आमच्या सीमेवरच्या माणसांना नाक्याच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, याची सवय आहे. दारू आणि पेट्रोल यांच्या बाबतीत आपण तो फरक पै-पैपर्यंत जाणतो. औषधांच्या बाबतीतही देशादेशांत असा फरक असतो, हे मात्र आपल्या गावीही नसते.

कुणी म्हणेल, बंदी आली, विषय संपला. तो संपलेला नाही. जान्सेनचेच डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध आज आपल्या घराघरांत आहे. ते सिसाप्राइडइतके धोक्याचे नाही आणि मळमळ-उलटीवर उपयोगी आहे. परंतु शिरेतून द्यायचे त्याचे इंजेक्शन हृदयाच्या तक्रारींमुळे १९८० च्या दशकातच मागे घेतले गेले. अमेरिकेने या औषधाला सर्वसाधारण विक्रीची मंजुरी कधी दिलीच नाही. युरोपने २०१४ साली त्याला कुंपण घातले: फक्त मळमळ आणि उलटीसाठी, मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा याहून जास्त नाही, आणि साधारणपणे आठवड्याहून अधिक काळ नाही. पोट फुगणे, छातीत जळजळणे यांसाठी ते देऊ नये, असेही सांगितले. साठीपुढच्या माणसांना आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांना धोका अधिक असल्याचे दिसून आले होते.

आपल्याकडे हे औषध बहुधा एकटे येत नाही. आम्लावरच्या गोळीशी त्याचे लग्न लावलेले असते, आणि त्या जोडगोळीच्या नावापुढे ‘डी’ हे अक्षर असते. ‘डीएसआर’ लिहिलेले असेल तर ते सावकाश झिरपणारे डॉम्पेरिडोन, बहुधा ३० मिलिग्रॅम. म्हणजे युरोपने ठरवलेली दिवसाची कमाल मात्रा एकाच कॅप्सूलमध्ये.

माझी धाकटी मावशी दोडामार्गकडे राहते. वय बहात्तर. पंधरा दिवसांसाठी म्हणून दिलेली अशी कॅप्सूल ती दोन वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी घेत होती. चिठ्ठी जुनी झाली, फाटली, तरी पाकीट दाखवले की नवे पाकीट मिळत असे. बीपीसाठी लघवीची गोळी होतीच. गेल्या पावसाळ्यात खोकला झाला म्हणून एका दवाखान्यात तिला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले गेले. दुसऱ्या दिवसापासून तिला मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मी तिला डिचोलीला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि एकेक पाकीट चष्मा वर करून वाचले. मग ईसीजी काढला. क्यू ते टीचे अंतर वाढलेले होते, रक्तात पोटॅशियम कमी होते. त्यांनी कॅप्सूल बंद केली, प्रतिजैविक बदलले, पोटॅशियम भरून काढले. आठवड्याने पुन्हा काढलेला ईसीजी ठीक आला. परतताना मावशी मला म्हणाली, “अरे, ती गॅसची गोळी. तिका कित्याक भियातंस?” तिला भिववायचे नव्हतेच. त्या डॉक्टरांनी जे केले ते एवढेच, की त्यांनी वाचले.

तेव्हापासून दरवर्षी मी नववीच्या मुलांना एक गृहपाठ देतो. घरातली सगळी पाकिटे काढायची, मोठ्या अक्षरातले नाव सोडून खालचे बारीक अक्षरातले मूळ औषधाचे नाव शोधायचे आणि ते देवनागरीत एका कागदावर लिहून आजी-आजोबांच्या पिशवीत ठेवायचे. मराठीच्या तासाला लिहा की कोकणीच्या, मला चालते. डॉक्टर बदलला, गाव बदलले, नाका ओलांडला, तरी तो कागद सोबत जातो. एका मुलीच्या आजोबांच्या कागदावर एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोनदा आले होते. तिने ते डॉक्टरांना दाखवले.

वाचकांना दोन गोष्टी हात जोडून सांगतो. हे वाचून कुणी आपले औषध आपल्या मनाने बंद करू नये. पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे: ही किती दिवस घ्यायची, माझ्या दुसऱ्या गोळ्यांशी हिचे पटते का, माझा ईसीजी पाहायला हवा का? औषधाने काही विपरीत झाले असे वाटले तर ते १८००-१८०-३०२४ या सरकारी फुकट क्रमांकावर सामान्य माणसालाही कळवता येते. आणि दुसरी गोष्ट. छातीत दाटून आले, घाम फुटला, हातात कळ गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणून गोळी शोधत बसू नये. तडक तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. पोट आणि हृदय यांच्यात एका पडद्याचे अंतर आहे, आणि दुखणे कुठल्या घरातले ते आतल्या माणसालाही नेहमी कळत नाही.