बरं शे

परवा नामपूरहून दादाचा फोन आला. कांद्याचा भाव, मोसमचं पाणी, डाळिंबावरचा तेल्या.. सगळं सांगून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "त्या इंजेक्शनचं वाचलंस का? घेऊ का नको?"

आमचे नाना 54 व्या वर्षी गेले. ट्रॅक्टरमधून कांदा खाली करताना छातीत कळ आली, तेवढंच. दादाला 51 व्या वर्षी स्टेंट बसला. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. पाय दुखायला लागले म्हणून त्याने ती कुणालाही न विचारता बंद केली. तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं, "बरं शे." शेवटी वहिनीने जबरदस्तीने तपासायला नेलं तेव्हा एलडीएल 170! गोळी बदलली, जोडीला एझेटिमाइब दिलं, तरी 118 च्या खाली येईना. स्टेंटवाल्याला 70 च्या तरी खाली हवं. म्हणून डॉक्टरांनी इव्होलोक्युमॅबचं नाव काढलं. दर पंधरा दिवसांनी पोटावर कातडीखाली टोचायचं. पण फार महाग.

मग मी वाचत बसले. यकृताच्या पेशींवर कोलेस्टेरॉल ओढून घेणारे ग्राहक असतात. मार्केट यार्डातल्या ट्रॅक्टरसारखे, माल उतरवायचा आणि पुढच्या खेपेला निघायचं. पीसीएसके9 नावाचं प्रथिन हा ट्रॅक्टर मालासकट भंगारात धाडतं. इंजेक्शनमधली अँटीबॉडी त्या प्रथिनालाच धरून ठेवते. ट्रॅक्टर वाचतो, खेपा वाढतात.

हे सुचलं कसं? 2003 साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांत, आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या कोलेस्टेरॉल चढलेलं, या जनुकातला दोष सापडला. पुढे अमेरिकेत उलटा दोष असलेली माणसं भेटली. त्यांच्यातल्या एका गटात एलडीएल जन्मापासून 28 टक्के कमी आणि हृदयविकार तब्बल 88 टक्के कमी, असं 2006 साली छापून आलं. निसर्गाने प्रयोग आधीच करून ठेवला होता!

औषधाची मोठी चाचणी 27,564 रुग्णांवर झाली, सगळे स्टॅटिन घेणारे. निकाल 2017 चा. एलडीएल 92 वरून 30 वर. सव्वादोन वर्षांत नुसत्या स्टॅटिनवाल्यांपैकी 11.3 टक्के लोकांना झटका, पक्षाघात, पुन्हा अँजिओप्लास्टी असलं काहीतरी झालं. इंजेक्शनवाल्यांपैकी 9.8 टक्के. म्हणजे शंभरात दीड माणूस वाचला म्हणा. मृत्यूंच्या आकड्यात मात्र फरक दिसला नाही. हेही दादाला सांगायलाच हवं होतं.

त्याची खरी भीती वेगळीच होती. "इतकं कमी झालं तर डोकं चालेल ना?" तेही तपासलंय. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. टोचल्या जागी थोडी लाली, खाज येऊ शकते. काही रुग्णांवर आठ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, 2022 मध्ये ते प्रसिद्ध झालं, नवा धोका निघाला नाही. अर्थात याच जातीतलं बोकोसिझुमॅब 2016 मध्ये सोडून द्यावं लागलं. शरीर त्याच्याविरुद्धच अँटीबॉडी करायचं आणि गुण ओसरायचा. तेव्हा एक चाललं म्हणून सगळीच चालतील असं नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं. दादा गप्प. मग म्हणाला, "नानांच्या वेळी असतं तर?"

तर काय.. नानांच्या वेळी साधी गोळीसुद्धा घरात नव्हती. रक्त तपासायचं असतं हेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "दादा, इंजेक्शन घ्यायचं की नाही ते तू आणि डॉक्टर ठरवा. पण दोन गोष्टी माझ्या ऐक. गोळी परत मनाने बंद करायची नाही. आणि दोन्ही पोरांचं रक्त या महिन्यात तपासायचं."

"आणि तुझं?"

मी 47 ची. मी अजून एकदाही तपासलेलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं! जिभेवर उत्तर तयारच होतं.. बरं शे.

असो. उद्या सकाळी लॅबमध्ये जातेय.