पनवेल ते चिपळूण : दोन गाड्या, एक महामार्ग

आमचे धाकटे भाई आखातातली नोकरी आटोपून परतले, ते एक इरादा मनात धरूनच. अम्मी चिपळूणजवळच्या गावी राहतात. त्यांना दर दोन महिन्यांनी तपासणीसाठी पनवेलला आणावे लागते. हा प्रवास त्यांना सुखाचा व्हावा म्हणून भाईंना चांगली गाडी घ्यायची होती. बचतीचा मोठा हिस्सा यात जाणार होता. सवाल इतकाच होता की गाडी विजेवरची घ्यावी की हायब्रीड?

नजरेसमोर दोन सेडान होत्या. बीवायडी सील ही पूर्ण विजेवरची चिनी गाडी मार्च 2024 मध्ये भारतात आली. सुरुवातीची किंमत 41 लाख. दुसरी टोयोटा कॅमरी हायब्रीड. तिचे नवे मॉडेल डिसेंबर 2024 मध्ये 48 लाखांना आले. ती कर्नाटकातल्या बिदडीच्या कारखान्यात जोडली जाते. आमच्या नात्यातल्या दोन घरांत या गाड्या होत्याच. अम्मींना सोडायला आम्ही सीलने गेलो आणि पुढच्या तपासणीसाठी आणायला कॅमरीने.

पनवेल सोडले, कर्नाळ्याची झाडी मागे पडली, तरी सीलमध्ये इंजिनाचा आवाज नाही. पायाखाली जरा दाबले की गाडी झेपावते. मोठ्या बॅटरीवर 650 किलोमीटरचा दावा आहे, पण एसी, घाट आणि भरलेली गाडी धरता आम्ही 400 चाच हिशेब ठेवला. युनिटला 10 रुपये आणि युनिटमागे पाच किलोमीटर धरले, तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. कॅमरीत पेट्रोल लिटरला 100 रुपये आणि 18 किलोमीटर धरले, तरी साडेपाच रुपये होतात. खर्चात सीलची बाजी आहे.

पोलादपूरनंतर बोगदा सोडून आम्ही मुद्दाम कशेडीचा जुना घाट धरला. उतारावर पाय उचलला की मोटर उलट काम करते, गाडी आवरते आणि वीज बॅटरीत परत जाते. कॅमरीतही हे होते, पण तिची बॅटरी लहान, म्हणून लवकर भरते. मात्र तिला तार लावावीच लागत नाही. अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि मोटर आपसात काम वाटून घेतात.

सीलची खरी परीक्षा गावी झाली. 82 युनिटांची बॅटरी घरच्या साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर भरायची, तर एक दिवस-रात्रही अपुरी पडते. त्यात पावसात वीज गेली की कधी येईल, याचा नेम नाही. जुलै 2021 च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणने काय सोसले, हे आपण जाणतोच. परतताना माणगावच्या आसपास एका चार्जरवर थांबलो, तर आधीच एक गाडी लागलेली. जोहरची नमाज झाली, जेवणही झाले, तरी नंबर आला नव्हता. रात्री-अपरात्री अम्मींना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर असे थांबून कसे चालेल?

आणखी एक गोष्ट अम्मींनीच सांगितली. सीलच्या तळाशी बॅटरी असल्याने मागची जमीन उंच आहे. बसल्यावर गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. कॅमरीत मागची पाठ बटण दाबून कलते. खेडपासून पेणपर्यंत त्या निवांत झोपल्या. सीलमध्ये मात्र दर तासाला उतरून पाय मोकळे करावे लागले होते.

भाईंनी कॅमरी घ्यायचे ठरवले. पण हा निकाल सर्वांना लागू नाही. पनवेल, ठाणे किंवा पुण्यात स्वतःची पार्किंग असेल, तिथे चार्जर बसवता येत असेल आणि रोजची धाव शहरातच असेल, तर सील कमी खर्चात उत्तम साथ देईल. गावचे घर आणि वयस्कर माणसे असतील, तर हायब्रीड बरी. शोरूममध्ये स्टेअरिंग हाती घ्यायला सगळेच उत्सुक असतात. त्याआधी घरातल्या सर्वांत बुजुर्ग माणसाला मागच्या सीटवर अर्धा तास बसवून पाहा.