पाठपिशवीतला झब्बा

आषाढात शाहूवाडीला पायी जायचे म्हटल्यावर घरातून विरोध होणारच. पण सौभाग्यवतींनी हरकत घेतली ती पावसाला नव्हे, माझ्या पाठपिशवीतल्या पांढऱ्या झब्ब्याला. "डोंगरात चाललात की कुणाच्या मुंजीला?"

अडचण अशी होती. पन्हाळगड ते पावनखिंड ही आमची पदयात्रा शनिवार-रविवारची आणि त्याच रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात गुरुजींकडे गुरुपौर्णिमेची बैठक. हा योग तसा नेहमीचाच. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती १६६० सालची रात्र आषाढी पौर्णिमेचीच, त्यामुळे चालणारे आणि गाणारे एकाच सुमारास घराबाहेर पडतात. या गुरुजींकडे मी लहानपणी दोन वर्षे गाणे शिकलो आणि एक दिवस काहीही न सांगता जायचा बंद झालो. त्याला तीस वर्षे होऊन गेली. यंदा त्यांचा निरोप आला, 'आता फार वेळ बसवत नाही. या खेपेला ये.' अशा बोलावण्याला चिखलाच्या विजारीने कसे जावे?

पाठीवर सगळा संसार वाहायचा म्हणजे कपड्यांचे वजन तोळ्यात मोजावे लागते. मी पुष्कळ विचार केला. भारतीय बैठकीवर तीन तास मांडी घालायची, तेव्हा जाड जीनची विजार बाद. पावसाळी जाकीट तर मुळीच नको. त्याची सळसळ तानपुऱ्याच्या जव्हारीवर मात करते. जोडे दाराबाहेर राहतात, पण दोन दिवसांचे ओले मोजे आपल्याबरोबर आत येतात आणि शेजारच्याची समाधी भंगते! पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत मंडळी स्वेटर, कानटोप्या, शाली, जे हाती लागेल ते पांघरून बसतात. त्याला कोणी नावे ठेवत नाही. पण कोल्हापूरची गोष्ट निराळी. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते ते हे गाव. इथला देवल क्लब १८८३ सालचा. इथली म्हातारी मंडळी गायकाआधी श्रोत्याला न्याहाळतात. शेवटी एक सुती झब्बा, एक पायजमा, एक कोरडी मोज्यांची जोडी, एवढे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून घेतले.

मसाई पठार ओलांडले आणि पावसाने आम्हांला ताब्यात घेतले. शाहूवाडीचा पाऊस वरून पडत नाही. तो चारी बाजूंनी येतो. तांबड्या चिखलात जोडा रुतला की आधी पाय निघतो, मग जोडा. खाचरांत भाताची लावणी चाललेली, बायकांच्या डोक्यावर इरल्याऐवजी आता प्लॅस्टिकच्या खोळी. संध्याकाळी एका वाडीवर मुक्काम केला आणि पिशवी उघडून पाहतो तो काय! प्लॅस्टिक कोपऱ्यात फाटले होते. झब्बा पिळून काढण्याजोगा झाला होता.

माझा चेहरा पाहून घरच्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "आवं, एवढं काय त्यात? चुलीवरच्या वलणीवर टाका. सकाळपातुर वाळंल."

"धुराचा वास लागेल, मावशी."

"लागू दे की. कुबट वासापरीस बरा."

रात्री जाग आली तेव्हा त्या माझा झब्बा उलटून टाकीत होत्या. विस्तवावर राख ओढली आणि पुन्हा घोंगडीत शिरल्या. सकाळी पैसे देऊ केले, तर नुसत्या हसल्या.

दुपारी खिंडीत पोचलो. दगडांवरून धो धो पाणी वाहत होते. बाजीप्रभूंनी जिथे वाट अडवून धरली तिथे आम्हांला धड उभेही राहता येईना, एवढेच सांगतो. मग मलकापूर, तिथल्या एका हॉटेलवाल्याच्या मोरीत पाय धुणे, कपडे बदलणे आणि कोल्हापूरची एस. टी.

बैठकीत रेशमी झब्बे होते, जरीकाठी साड्या होत्या, अत्तर होते. मी दाराशी, वाऱ्याच्या तोंडाला बसलो. वास दडवावा कसा? शेजारच्या गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि थोडे सरकून बसले.

मध्यंतरात गुरुजींच्या पाया पडायला गेलो. वाकलो, तसे ते थबकले. दृष्टी अधू झालेली, त्यांनी मला ओळखलेच नव्हते.

"हा धूर कुठला?"

"शाहूवाडीचा. पावनखिंडीहून चालत आलो."

"माझं आजोळ तिकडचं," ते म्हणाले. माझी बाही हातात धरून त्यांनी नाकाशी नेली. "लाकडं ओली असतात पावसाची. आजी फुंकून फुंकून बेजार व्हायची." मग नाव विचारले. मी सांगितले. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. न सांगता गेलेल्या दिवसाची गोष्ट आता निघणार म्हणून मी मान खाली घालून उभा होतो.

"तानपुरा घे," ते म्हणाले. "मागच्या बाजूला बस."

मल्हार त्यांनी जेमतेम वीस मिनिटे गायला. शेवटी श्वास पुरेना. माझी बोटे दोनदा चुकली; दुसऱ्या वेळी त्यांनी वळून पाहिले, अगदी तीस वर्षांपूर्वीसारखे.

सौभाग्यवतींनी तो झब्बा तीनदा धुतला, उन्हात घातला. धूर काही हटत नाही. शिवाय बाहीवर ठिणगीची दोन बारीक भोके आहेत. पुढच्या आषाढात गुरुजींनी पुन्हा बोलावले आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र या खेपेला दोन घेणार आहे, एकीत एक घालून.