कादंबरीत मेलेला माणूस

पंधरा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक धानाची कापणी आटोपली की गाव सोडून हैदराबादेस बांधकामावर जातो, तेथे वाट चुकतो आणि गुप्तरोगाने झिजून मरतो. पापाचे फळ वाचकाला नीट दिसावे म्हणून त्याचे मरण मी आठ पाने लांबवले होते. त्या पानांचे कौतुकही झाले.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. सिंदेवाहीकडचा, दर हंगामाला हैदराबादेस जाणारा. खुर्ची पुढे केली तरी बसेना. धान, मोहाची फुले, सारे बोलून झाले, मग खाली पाहत त्याने विचारले, "गुरुजी, तुमच्या पुस्तकातला तो मरते ना जी?"

हळूहळू सगळे बाहेर आले. तिकडे असताना गुप्तांगावर एक फोड उठला होता, न दुखणारा. बसस्टँडजवळच्या तंबूतल्या वैदूने पुड्या दिल्या, दोन महिन्यांची मजुरी घेतली आणि फोड गेला. पण पुढे तळहातांवर तांबूस डाग आले. घरी बायको पाच महिन्यांची गरोदर. दवाखान्यात जायचा धीर होत नव्हता, कारण या रोगातून माणूस वाचत नाही असे गुरुजींनीच लिहून ठेवले होते!

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी त्याला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. रक्तात गरमी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिची पहिली जखम औषधाशिवायही भरते. रोग मात्र रक्तात राहतो. वैदूंचा धंदा चालतो तो याच भरवशावर. खरे औषध पेनिसिलिन. रोग नवा असेल तर बहुधा एक सुई पुरते. एच.आय.व्ही.ची चाचणीही फुकट झाली. ती चांगली आली, तरी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. ती वाईट आली असती तरी आभाळ कोसळणार नव्हते. त्यावरच्या गोळ्या सरकार २००४ पासून मोफत देते, आणि त्या नेमाने घेणारा माणूस संसार करतो. निरोध कसा वापरायचा, हेही तेथल्या बाईंनी त्याला न लाजता समजावले. लाजलो तो मी.

उरली बायको. तिचे रक्त तपासून तिलाही सुई द्यायला हवी होती. नाही तर पोटातले मूल दगावण्याची भीती. "तुम्हीच सांगा ना जी," तो म्हणाला. मी म्हटले, आजवर मी पुष्कळ सांगितले, आता तू सांग. त्याने सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "पहिले सुई घेऊ. भांडू मंग."

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झाली होती जेमतेम आठ जणींची. आपण बायकांच्या लाजेबद्दल हळहळलो. पुरुषही तितकाच लाजतो. त्याची लाज मात्र परगावाहून घरी येते आणि दुसऱ्याच्या अंगात भिनते.

र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, या विषयांवर उघड लिहिले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. माझ्या आठ पानांवर कोणी खटला भरला नाही.

श्रावणात त्यांना मुलगी झाली, धडधाकट. कापणीनंतर तो पुन्हा निघाला तेव्हा निरोप घ्यायला आला. भांडण झाले का, असे मी विचारले. "अजून चालूच हाय जी," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसला.

कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. ती आठ पाने मी काढून टाकली आणि त्या माणसाला दवाखान्यात पाठवले. शेवट फिका झाला, असे प्रकाशक म्हणतात. असू दे.